पाचवी सही

चष्म्याच्या दुकानात माणूस एकदा यंत्रावर हनुवटी टेकवून बसला की त्याला पळून जाता येत नाही. कपाळ पट्टीला टेकलेलं, डोळे भिंगासमोर उघडे आणि दिव्याचा झोत थेट आत. अशा अवस्थेत माणूस सहसा खोटंही बोलत नाही. धाकटीला हे दुकान काढल्यापासून ठाऊक होतं, पण त्याचा गैरफायदा घ्यायची वेळ तिच्यावर या महिन्यात पहिल्यांदाच आली होती.

"हलू नका," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "समोर बघा. तुम्हाला प्राणी आवडतात ना?"

"आवडतात की." हनुवटी टेकलेली असल्यामुळे त्याला तोंड नीट उघडता येत नव्हतं.

"आमच्या केंद्राचे विश्वस्त व्हाल का? दोन-तीन महिन्यांतून एक बैठक. पगार नाही, भत्ता नाही, चहा मिळतो."

बेकरीवाल्याने नुसत्या बुबुळांनी इकडेतिकडे बघितलं. सुटका नव्हती. "करायचं काय असतं?"

"सही करायची आणि बैठकीत जागं राहायचं. आता डावा डोळा."

डावा डोळा तपासून होईपर्यंत तो हो म्हणून बसला होता. नव्या चष्म्याची फ्रेम निवडून तो गेला, धाकटीने त्याच्यामागे दार लोटलं आणि स्टुलावर बसून बोटांवर मोजलं. चार झाले होते. पाचवा हवा होता, आणि महिना संपत आला होता.

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली होती. थोरली जनावरांची डॉक्टर. गाई-म्हशींची नव्हे, रानातल्या जनावरांची. शहराबाहेर ओढ्याच्या काठाला तिने एक केंद्र काढलं होतं. गाडीखाली सापडलेलं, तारेत अडकलेलं, जाळ्यात गुरफटलेलं जे काही कुणी आणून देईल ते ती शिवायची, जोडायची, खाऊपिऊ घालायची आणि धड झालं की पुन्हा रानात सोडून यायची. सोडता येणार नसेल तर बरं करून उपयोग काय, असं ती म्हणे. ती फार बोलायची नाही, आणि बोलायची तेव्हा समोरच्याला वाटे, न बोलती तर बरं झालं असतं. म्हणून माणसांशी बोलायचं खातं पहिल्यापासून धाकटीकडे होतं. कागदोपत्री ती केंद्राची चिटणीस होती.

केंद्राला परवाना होता आणि परवान्याला अट होती: मंडळावर पाच विश्वस्त हवेत, आणि त्यात एका घरातले दोघांच्या वर नकोत. दोघी बहिणी धरून पाच जण वर्षानुवर्षं होतेही. मग खजिनदार मुलाकडे परदेशी राहायला गेले. आणि कंत्राटदार म्हणून एक विश्वस्त होते, ते एका दुपारी पाहुण्यांचा लवाजमा घेऊन आले आणि म्हणाले, जरा ती कोल्ह्याची पिल्लं बाहेर काढा, पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायचेत. थोरलीने त्यांना दारातून परत पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, हाकललं. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला. उरल्या दोघी बहिणी आणि निवृत्त मास्तर, जे प्रत्येक ठरावाला हात वर करत आणि पुष्कळदा तो खाली घ्यायला विसरत.

मग खात्याचं पत्र आलं. महिनाअखेरीला अधिकारी येतील. तोवर मंडळ पुरं नसेल तर परवाना रद्द होईल आणि केंद्रातली जनावरं मोठ्या प्राणिसंग्रहालयात हलवली जातील. म्हणजे जाळी, जाळीवर पाटी, आणि पाटीपुढे शेंगा खात उभी असलेली माणसं. जन्मभर. थोरलीने पत्र वाचलं, घडी घालून धाकटीच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "हे तुझं खातं."

त्या दिवसापासून धाकटी विश्वस्त शोधत फिरू लागली. तिने शेजारपाजारच्यांना विचारलं, व्याह्यांना विचारलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. नकाराचे इतके नमुने असतात हे तिला माहीत नव्हतं. कुणी म्हणे, विचार करून सांगतो, आणि मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जाऊ लागे. कुणी म्हणे, अहो काम फार चांगलं आहे, तुम्ही अवश्य करा. एका बाईंनी तर चष्मा न्यायलाच येणं सोडलं. त्यांची फ्रेम काउंटरवर डबीत पडून होती. कोणाला एखादी गोष्ट मागायची म्हटलं की धाकटीचे कान तापत. तिला स्वतःसाठी कधी मीठसुद्धा मागता आलं नव्हतं, आणि आता ती भेटेल त्याला गळ घालत हिंडत होती.

"तुझ्या डोळ्यांत हल्ली भुकेल्यासारखं दिसतं," नवरा जेवताना म्हणाला. "लोक घाबरतात."

"मग तू हो विश्वस्त."

"मी घरातला. तिसरा चालत नाही."

"तेवढं बरं लक्षात राहतं तुझ्या," धाकटी म्हणाली आणि पान तसंच ठेवून उठली.

त्यातल्या त्यात एक जण गळाला लागला होता, बँकेतून निवृत्त झालेले साहेब. ते म्हणाले, होतो, पण आधी बघून घेतो. धाकटीने त्यांना केंद्रात नेलं आणि घोडं तिथेच अडलं. त्याचं असं झालं. थोरलीचे नियम कडक. मागच्या आवारात आवाज चढवायचा नाही. जनावराच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. नाव ठेवायचं नाही, लाड करायचे नाहीत. पिल्लांजवळ जाताना करड्या रंगाचा अंगरखा घालायचा, तोंडावर फडकं बांधायचं आणि मुळीच बोलायचं नाही. माणसाची भीती ही त्यांची बाहेरची शिदोरी, ती आपण काढून घ्यायची नाही, असं तिचं म्हणणं. पण माणसाला एक सवय लागली की ती सगळीकडेच लागते. केंद्रातली माणसं एकमेकांशी कुजबुजत. नमस्कार केला तर नजर चुकवत. साहेब अंगणातून चालू लागले तसे पिंजरे साफ करणारे काका जागच्या जागी थिजून उभे राहिले, कारण नवं कोणी आलं की हलायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. थोरली सगळी माहिती भिंतीकडे बघत देत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "राग मानू नका, पण तुमच्याकडे काहीतरी लपवाछपवी चालली आहे. मला या वयात भानगडीत पडायचं नाही."

धाकटीने फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकून बसून राहिली. आत्तापर्यंत तिला नुसती काळजी वाटत होती. आता भीती वाटायला लागली.

तिला केंद्र का हवं होतं, हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. दर रविवारी ती करडा अंगरखा चढवून मागच्या आवारात जायची. टाक्या घासायची, मासे कापायची, ओली फडकी वाळत घालायची. आठवडाभर ती बोलून बोलून दमलेली असे, पहिल्या काचेतून स्पष्ट दिसतं की दुसऱ्या, पुन्हा बघा, पहिल्या की दुसऱ्या. तिथे कुणी काही विचारायचं नाही आणि तिने काही बोलायचं नाही. या वर्षी तिथे पाणमांजराचं एक पिल्लू होतं. आई रस्त्यावर गाडीखाली गेली, हे एकटं ओढ्याकाठी ओरडताना सापडलं. लाकडी खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेलं, मुठीएवढं डोकं. अंगरख्याच्या बाहीतून बाटली पुढे केली की ते दोन्ही पुढच्या पायांनी ती धरून ठेवी. धाकटी त्या वेळी दुसरीकडे बघे. नियमच होता तसा, पण तिला ते जड जाई.

अशात वकीलबाई दुकानात आल्या. वाचायचा चष्मा हवा होता. उंच, नीटनेटक्या, नाकासमोर बघून बोलणाऱ्या. धाकटीने त्यांना यंत्रापाशीही बसवलं नाही, उभ्या उभ्याच शब्द टाकला, कारण आता धीर धरवत नव्हता. वकीलबाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मला काम बघितल्याशिवाय सही करता येत नाही. सवय नाही."

धाकटीने या खेपेला तयारी केली. आदल्या दिवशी केंद्रात जाऊन तिने सगळ्यांना बजावलं, "उद्या माणसासारखं वागा. हसा. डोळ्यांत बघून बोला." आणि बिचाऱ्यांनी केलं तसंच. वकीलबाई फाटकातून आत आल्या तेव्हा काका वाटेवरच उभे होते, तोंडभर हसत, पापणीसुद्धा न लववता त्यांच्याकडे बघत. त्या जातील तिकडे काकांची मान वळत होती. आतल्या परिचारिकेने "या, या, बसा" इतक्या जोरात म्हटलं की टेबलावरची कात्री खाली पडली.

"हे सगळे माझ्याकडे असे का बघताहेत?" वकीलबाईंनी हळूच विचारलं.

"आनंद झालाय त्यांना," धाकटी म्हणाली.

थोरली आत होती, एका बगळ्याचा पंख शिवत. तिला बाहेर यायला अजून वेळ होता. वकीलबाईंनी ऑफिस बघितलं, औषधांचं कपाट बघितलं, रिकाम्या पिंजऱ्यांची रांग बघितली. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कळवते मी."

कळवते म्हणजे काय, ते धाकटीला आता पाठ झालं होतं.  महिना संपायला थोडेच दिवस होते, यांच्यानंतर विचारायला कुणी उरलं नव्हतं. तिला जाळी दिसली, पाटी दिसली, शेंगा खाणारी माणसं दिसली.

"एक गोष्ट राहिली," ती म्हणाली. "इकडून या."

अंगरखे खुंटीला टांगलेले होते. ते चढवायला, फडकं बांधायला वेळ लागतो आणि वकीलबाईंच्या हातात किल्ली होती. धाकटी अंगरख्यांवरून पुढे गेली. मागच्या खोलीचं दार उघडलं, खोक्यावरचं कापड बाजूला केलं आणि उघड्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "ये रे, ये. ये बाळा."

पिल्लू डोकं वर काढून बघू लागलं. माणसाचा चेहरा त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. धाकटीने बाटली वकीलबाईंच्या हातात दिली. पिल्लाने बाटली धरली, मग बाटली सोडून त्यांचं बोट धरलं आणि एक बारीक शीळ घातली. वकीलबाई खाली बसल्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांवर दूध सांडलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

"मंडळाच्या बैठकीत. अधिकारी यायच्या दिवशी," धाकटी म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं वाटलं, आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी टोचलं की हे तू काय केलंस.

एकदाच, असं तिने स्वतःला सांगितलं. पण वकीलबाईंचा फोन आला, "आपलं पिल्लू कसं आहे? येऊ का जरा?" आणि नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. सही अजून व्हायची होती. त्या पुन्हा आल्या, मग आणखी एकदा आल्या. थोरली शस्त्रक्रियेत असे ती वेळ धाकटी साधायची, दार उघडायची, आणि प्रत्येक वेळी तीच हाक मारायची. तिसऱ्या खेपेला कापड काढायच्या आधीच, नुसत्या तिच्या आवाजावर, आतून शीळ आली. वकीलबाईंना फार कौतुक वाटलं. धाकटीचा हात कापडावरच थांबला.

त्या रविवारी थोरली मागच्या खोलीतून बाहेर आली ती फडकं सोडतच. "कुणीतरी बोललंय त्याच्याशी," ती म्हणाली. "मी आत गेले तर तोंडाकडे बघत वर चढायला लागलं. बाहेर काका खोकले तर खोक्यातून उडी मारली. माणसाचा आवाज ऐकून पुढे येणारं पिल्लू मी बाहेर कसं सोडू? पहिल्याच मासेमाऱ्याच्या पायाशी जाऊन बसेल."

धाकटी मासे कापत होती. सुरी थांबली नाही, पण ती काय कापतेय हे तिला दिसत नव्हतं.

"काका," थोरली म्हणाली, "तुम्हाला एकट्याने गुणगुणायची सवय आहे."

"आत नाही हो गुणगुणत, डॉक्टर."

"आजपासून मागे यायचं नाही. फाटकाशी बसा."

 काकांनी हात धुतले, अंगरखा खुंटीला लावला आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. धाकटी मूग गिळून राहिली. सांगितलं तर थोरली त्याच पावली वकीलबाईंना फोन करून येऊ नका म्हणेल, हे तिला माहीत होतं. सही होऊ दे, मग सांगेन, असं ती मनाशी घोकत घरी गेली. रात्री नवरा म्हणाला, दिवा मालव, तेव्हा तिला कळलं की आपण कधीपासून अंथरुणावर नुसत्या बसून आहोत.

अधिकारी दुपारी यायचे होते. सकाळी बैठक ठेवली. मास्तर वेळेच्या आधीच येऊन पेंगत होते. बेकरीवाला नवा चष्मा लावून आणि बिस्किटांचा खोका घेऊन आला होता. फाटकात त्याने काकांच्या हातातही दोन बिस्किटं ठेवली. चौघांच्या सह्या झाल्या. धाकटीचं लक्ष रस्त्याकडे होतं. वकीलबाई आल्या, नमस्कार झाले, त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "आधी पिल्लाला भेटून येते, मग सही."

"कुठल्या पिल्लाला?" थोरलीने विचारलं.

"पाणमांजराच्या. माझ्या हातून दूध पितं ना ते. तुमच्या बहिणीचा आवाज ऐकला की शीळ घालतं."

 थोरली कुणाच्याही डोळ्यांत बघत नसे, सवयच नव्हती. आता तिने धाकटीच्या डोळ्यांत बघितलं, आणि बघतच राहिली. धाकटीला वाटलं, ती ओरडेल तर बरं. ती ओरडली नाही.

"तू आणलंस यांना," ती म्हणाली. "तूच सांग, भेटायचं की नाही."

सगळं धाकटीच्या हातात होतं. उठून दार उघडलं की सही होणार, परवाना राहणार, अधिकारी चहा पिऊन जाणार. एक पिल्लू बिघडलं होतं ते आणखी थोडं बिघडेल. बाकीची सगळी वाचतील. तिने तोंड उघडलं तेव्हा आपण काय म्हणणार हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "भेटता येणार नाही. आधीही दाखवायला नको होतं. ते माणसाला भ्यायला हवं, तरच त्याला सोडता येतं. मला तुमची सही हवी होती म्हणून मी दाखवलं. आणि बाहेर बाकावर काका बसलेत, तेही माझ्याच पापामुळे."

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. बेकरीवाल्याने बिस्किटांचा खोका थोडा पुढे सरकवला, मग मागे घेतला. 

"ते सुटणार नाही आता?" वकीलबाईंनी खिडकीपाशी उभ्यानेच विचारलं.

"सांगता येत नाही," थोरली म्हणाली. "यापुढे कुणाचा आवाज, कुणाचा चेहरा त्याच्यासमोर आला नाही, तर कदाचित."

"मला वापरलंत तुम्ही," वकीलबाई धाकटीला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "आणि मला आवडलं, हा माझा मूर्खपणा." मग त्या टेबलाशी येऊन बसल्या. "मी सही करते, पण पहिला ठराव माझा. डॉक्टर सोडून कुठल्याही विश्वस्ताने मागच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही. मी नाही, चिटणीसही नाही. कायमचं."

"मंजूर," थोरली लगेच म्हणाली.

"मंजूर," बेकरीवाला म्हणाला. त्याचा मागे जायचा विचार कधीच नव्हता. मास्तरांचा हात आधीच वर होता.

सगळे धाकटीकडे बघू लागले. तिला रविवार दिसले. ओली फडकी, माशांचा वास, ती शांतता. तिने हात वर केला, मग तोच हात खाली घेऊन ठराव लिहून काढला, कारण लिहायचं काम चिटणीसाचं असतं. वकीलबाईंनी सही केली. दुपारी अधिकारी आले, पाच माणसं पाहिली, दोन बिस्किटं खाल्ली आणि परवाना वाढवून दिला.

संध्याकाळी थोरलीने काकांना पुन्हा आत बोलावलं. ती माफी मागणाऱ्यांतली नव्हती. तिने त्यांचा अंगरखा धुऊन, वाळवून खुंटीला लावला होता. काका आत गेले आणि फाटकाजवळचं बाक रिकामं झालं. पुढच्या रविवारी धाकटी तिथे बसली. घरी राहवत नव्हतं आणि आत जाता येत नव्हतं.  वकीलबाईही कधीकधी कागद घेऊन यायच्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या आणि मागच्या भिंतीकडे बघायच्या. दोघींत फारसं बोलणं होत नसे. काका येता-जाता हळूच एखादी बातमी टाकत. दूध सुटलं. बाहेरच्या तळ्यात हलवलं. स्वतःचा मासा स्वतः धरतं. पण बुजतं का, हे काकांनाही सांगता येत नव्हतं, कारण कुणी त्याच्यासमोर जातच नव्हतं.

थंडी आली आणि गेली. एका रविवारी थोरली स्वतः फाटकापर्यंत आली आणि बाकाशेजारच्या खांबाकडे बघत म्हणाली, "उठ. आत यायचंय तुला."

"ठराव आहे," धाकटी म्हणाली.

"मंडळाला विचारलंय मी. एकदाची परवानगी दिलीय. सोडायच्या आधी ते माणसाला बुजतं का बघावं लागेल, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. त्याला एकच आवाज ठाऊक आहे. तुझा."

वकीलबाई बाकावरून उठल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातले कागद उलटे करून ठेवले.

मागच्या तळ्याभोवती कुंपण होतं, पलीकडच्या काठाला झाडाची मुळं पाण्यात उतरलेली. थोरली आडोशाला थांबली. धाकटीने अंगरखा घातला नव्हता, फडकं बांधलं नव्हतं. घालायचं नाही असंच सांगितलं होतं. पाण्यातून एक डोकं वर आलं. केवढं मोठं झालं होतं ते. मिशांवरून पाणी निथळत होतं.

"बोलव," थोरली कुजबुजली. "तेव्हा बोलवायचीस तशीच. कसर ठेवू नकोस."

तेव्हा महिनाभर ती लोकांना विनवत हिंडली होती, हो म्हणा, हो म्हणा. आता तिला तसंच विनवायचं होतं आणि मनातून नकार मागायचा होता.  

"ये रे," ती म्हणाली. "ये. ये बाळा."

डोकं तिच्या दिशेने वळलं. पिल्लू तसंच पाण्यात थांबलं, अर्धं बाहेर, कान टवकारून. ओळखलं होतं त्याने. धाकटीला ते दिसलं. एक आवाज आला असता तर सगळं संपलं असतं. शीळ. 

ते पाण्याखाली गेलं. तळ्यावर बुडबुड्यांची एक रेघ उठली, ती तिच्याकडे यायला लागली, मग वळली आणि लांब लांब जात पलीकडच्या मुळांत शिरली. तिथून एक फुत्कार आला, नंतर काही नाही.

"पुन्हा," थोरली म्हणाली.

धाकटीने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा गोड, पोटातून. मग तिसऱ्यांदा. शेवटची हाक मारताना तिला खरोखरच वाटत होतं की त्याने यावं, एकदाच यावं, बोट धरावं, आणि याची तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. मुळं हलली नाहीत. थोरली आडोशातून बाहेर आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, पाण्याकडे बघत.

फाटकाशी वकीलबाई उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणालं," धाकटी म्हणाली, आणि बाकावर बसून ढसाढसा रडली. वकीलबाई तिच्याजवळ सरकून बसल्या, बाकाचं दुसरं टोक सोडून.